तुकडा जाळला नाही, पण फोन करायला हवा होता

नमस्कार. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या पोलादी प्लेटचा चिवटपणा तपासायला बारा दिवस लावले, मशीन पुढेमागे करत अडून बसली होती, पीस भाजून निळा केला आणि एक आकडा मागितला तर आलेख हातात ठेवला, अशी तुमची तक्रार आहे.

आधी आमची चूक. पहिला पीस फोडून बघितला तर टेस्टआधी मुद्दाम पाडलेली सुरुवातीची भेग एका बाजूला जास्त सरकलेली. नियमात बसेना, म्हणून तो बाद करून दुसरा कापला. त्यात चार दिवस गेले, मध्ये चवथ आली, आणि तुम्हाला कुणी फोनच केला नाही. वर त्या बाद पीसचे पैसेही तुमच्या बिलात लावले. हे मला आज कळलं. ती रक्कम सोमवारी परत करतो.

बाकीच्याबद्दल मात्र माझं ऐका. चार्पी ही फटक्यानं पीस तोडायची साधी टेस्ट. तीत हातोडा पडतो, एक आकडा येतो, दिवसात काम उरकतं. तुमच्या इन्स्पेक्टरनी एएसटीएम ई १८२० या अमेरिकन मानकाप्रमाणे जे-आर कर्व्ह, म्हणजे भेग वाढताना पोलाद किती विरोध करतं त्याचा आलेख, मागितली होती. चिवट पोलाद काचेसारखं तडकत नाही. भेगेच्या टोकापुढे बारीक पोकळ्या होतात, वाढतात, एकमेकींना मिळतात आणि भेग सरकते. ती जितकी सरकते तितका पोलादाचा विरोध वाढत जातो. म्हणून आलेख.

मशीन अडली नव्हती. थोडं ओढायचं, थोडा लोड उतरवायचा, परत ओढायचं, असं ते काम आहे. भेग वाढली की पीस सैल पडतो, आणि लोड उतरतानाच्या रेषेचा कल कमी होतो. त्या कलावरून आत भेग किती गेली ते काढतात. बाहेरून ते दिसत नाही.

आणि तो रंग! टेस्ट संपल्यावर पीस सुमारे ३०० अंशांवर अर्धा तास ठेवतो. फाटलेला भाग रंगतो. मग गार करून तोडला की नव्यानं तुटलेला भाग चकचकीत दिसतो. रंग संपतो तिथे भेग थांबली होती. तिथवरची लांबी नऊ ठिकाणी मोजून मशीनच्या हिशेबाशी ताडून बघतो.

आकडाही दिलाय, तिसऱ्या पानावर तळाला, किलोजूल प्रति चौरस मीटरमध्ये. ठळक छापायला हवा होता, मान्य. पण चार्पीच्या जूलशी त्याची तुलना करू नका.

पुढच्या वेळी प्लेटवर रोलिंगच्या दिशेचा बाण खडूनं काढून पाठवा. दिशा बदलली की फाटणंही बदलतं, आणि ती शोधण्यात आमचा अख्खा दिवस गेला.

शनिवारी वेर्ण्याला या, दोन्ही अर्धे तुकडे दाखवतो. सिलिका जेलच्या डब्यात ठेवलेत, पण आपल्या पावसाळी हवेत डबा सारखा उघडला तर गंज चढेल आणि ती रंगाची रेघ दिसायची नाही.