दिवाळी, ११ माणसं आणि ३,५०० रुपये

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं यंदा हात फार आखडलाय, भाऊबीजेला आणि बाकी सगळ्यांना द्यायला काहीतरी सुचव ना, स्वस्त पण बरं दिसेल असं." उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं इथेच टाकते, अजून कोणाला उपयोग झाला तर होईल. मला ते "बरं दिसेल असं" खटकलं. तिच्यावर राग नाही, आपण सगळेच असा विचार करतो, पण सगळं बिनसतं ते तिथेच असं माझं आता ठाम मत झालंय.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती. ह्यांच्या कंपनीत ऑर्डर कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद, बोनस अर्धाच हातात आला. घराचा हप्ता, मुलाची फी, सासूबाईंची औषधं, यातलं काहीच थांबत नाही. सगळा हिशोब मांडल्यावर द्याय-घ्यायला ३,५०० रुपये उरत होते आणि माणसं ११. नणंद, तिची दोन मुलं, माझा भाऊ आणि वहिनी, आई, सासूबाई, गावचे काका, दोन मैत्रिणी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी.

मावशींचं नाव मी त्या यादीतून सगळ्यात आधी काढलं. त्यांचा दिवाळीचा बोनस म्हणजे एक अख्खा पगार, तो मी वर्षभर थोडा थोडा बाजूला टाकत असते आणि त्याला हात लावायचा नाही हे ठरलेलं आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण घरात पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री तिथे लागते, "यंदा मावशींना साडी देऊ, ती माझी एकदाच नेसलेली आहे" वगैरे. काटकसर करायची ती आपल्या बरोबरीच्या माणसांत करावी, त्यांना सांगता येतं, ते समजून घेतात. मावशींनी त्या पैशांवर आधीच काहीतरी ठरवलेलं असतं.

मग उरली १० माणसं. मेन रोडला दोन तास फिरले. ३००-३५० रुपयांत "गिफ्ट" म्हणून काय मिळतं तर वासाच्या मेणबत्त्या, फोटोफ्रेम, कॉफीचा मग, आणि ते चार कप्प्यांचे ड्रायफ्रूटचे बॉक्स ज्यात बॉक्स हा एवढा मोठा आणि आत मूठभर बदाम. काहीच न घेता घरी आले. आल्यावर माळ्यावरचं खोकं खाली काढलं, ज्यात आम्हाला आलेल्या वस्तू पडून आहेत. तीन भिंतीवरची घड्याळं, दोन लेमन सेट, हळदीकुंकवात लुटलेल्या वाणाच्या साबणदाण्या आणि गाळण्या, न शिवलेले ब्लाउजपीस. कोणी काय दिलं ते एकाचंही आठवेना, आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण प्रत्येकाने आपापल्या परीने पैसे खर्च केलेच होते ना.

त्याच संध्याकाळी पाणी प्यायला मांडणीवरचा पेला घेतला. तो आईच्या लग्नातला, तिने मला दिलेला. काठाच्या खाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात लिहिलंय, "मामीकडून सप्रेम भेट, १७-५-८१". चाळीस वर्षं घासून अक्षरं इतकी पुसट झालीत की दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की लागतात. पूर्वी भांड्यांवर नावं घालायचे ती कार्यात एकत्र झालेली भांडी आपापल्या घरी परत यावीत म्हणून, पण त्यामुळे कोणी दिलं तेही राहिलं. ती मामी जाऊन किती वर्षं झाली, आई अजून तिची आठवण काढते ती या पेल्यावरून. त्या काळात तो असा किती रुपयांचा असेल?

तिथून डोक्यात उजेड पडला. आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसारखंच कालनिर्णय लटकवलेलं असतं, त्यात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं मी लिहिते. सप्टेंबरच्या पानावर गौरीच्या दिवसाच्या चौकोनात मीच बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, "ताई – एका कपाचं पातेलं". नणंदेला आम्ही ताईच म्हणतो. गौरीला आल्या होत्या तेव्हा चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आमच्याकडे एकटीसाठी चहा करायला भांडंच नाही गं, अर्ध्या कपासाठी हे एवढं पातेलं घासत बसायचं." भावोजी सेकंड शिफ्टला, मुलं क्लासला, दुपारी चार वाजता त्या एकट्याच असतात. हे वाक्य त्या विसरूनही गेल्या असतील.

दुसऱ्या दिवशी भांडीबाजारात गेले आणि स्टीलचं जाड बुडाचं, दांडीचं छोटं पातेलं घेतलं, २९० रुपयांना. नाव घालून देतात का विचारलं तर म्हणाले आमच्याकडून घेतलंय ना, मग त्याचे पैसे नाहीत. कोपऱ्यात एक काका बसले होते, हातात वायर लावलेलं पेनासारखं मशीन. "काय घालायचं?" मी म्हटलं, "ताईचा चार वाजताचा चहा." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग विचारलं, "'चार' अक्षरात घालू का आकड्यात?" मी म्हटलं अक्षरात. मग कर्र कर्र करत एकेक अक्षर उमटायला लागलं, खाली काही काढून घेतलेलं नाही, रेघ नाही, तरी ओळ अगदी सरळ. झाल्यावर अंगठ्याने वरची भुकटी पुसली आणि पातेलं उजेडाकडे तिरकं करून मला दाखवलं.

भाऊबीजेच्या आधी मात्र मी ताईंना फोन केला होता. हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. सरळ सांगितलं, "ताई, यंदा ओवाळणीत १०१च ठेवतील हे, दरवर्षीसारखं जमणार नाही." फोन करण्याआधी माझ्या पोटात गोळा आला होता. त्या म्हणाल्या, "मी काय ओवाळणीसाठी येते का गं?" आणि विषय संपला. न सांगता ऐनवेळी पाकीट पातळ निघालं असतं तर त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मीच चार दिवस करत बसले असते. ओवाळून झाल्यावर पातेलं हातात दिलं, त्यांनी अक्षरं वाचली, काहीच बोलल्या नाहीत, तशाच उठून ओट्याकडे गेल्या, "थांब, यातच करते."

गावच्या काकांची गोष्ट अजून स्वस्तातली. ते गावी एकटे, स्मार्टफोन त्यांना जमत नाही आणि आवडतही नाही, पण पूर्वी घरातली सगळी पत्रं तेच लिहायचे. पोस्टात पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळतं हे किती जणांना माहितेय? मी २० घेतली, १० रुपये झाले. प्रत्येकावर पत्ते मोठ्या अक्षरात आधीच लिहून टाकले, माझा, भावाचा, आत्याचा, नागपूरच्या बहिणीचा, त्यांच्या जुन्या मित्राचा, आणि सोबत एक जेल पेन. महिन्याभरात वीसच्या वीस संपली. मला आलेल्या कार्डात आमच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी कधी लागलं, त्या दिवशी कोण कोण हजर होतं, हे तारखेसकट लिहिलं होतं. माझ्या वडिलांनी पेढे आणायला सायकलवर तालुक्याला चक्कर मारली होती म्हणे, हे आम्हा भावंडांना माहीतच नव्हतं.

आईची सावानाची, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, वर्गणी भरली, सहा महिन्यांची. १८४० सालचं वाचनालय आहे, तिच्या घरापासून चालत जाता येतं, आणि दिवाळी अंक एवढे महाग झालेत की ती दुकानात चाळून परत ठेवायची, ते मी पाहिलेलं. भावाला आणि वहिनीला वडिलांचा एक जुना फोटो स्टुडिओत साफ करून मोठा करून दिला. सासूबाईंसाठी बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा आणला आणि ह्यांनी तो भिंतीत बसवला. "ही काय दिवाळीची भेट झाली?" असं त्या आधी म्हणाल्या, पण आता पाहुणे आले की स्वतः नेऊन दाखवतात. एका मैत्रिणीला तिने दोनदा मागितलेला गवती चहा कुंडीत लावून दिला.

दुसऱ्या मैत्रिणीकडे काय न्यायचं तेच कळत नव्हतं. तिचे सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आणि सात महिने ती केस कापायलासुद्धा बाहेर पडली नव्हती. तिला म्हटलं, भाऊबीजेनंतरचा शनिवार माझा, सकाळी १० ते ६ मी बाबांजवळ बसते. आधी एकदा जाऊन औषधं कधी, कूस कशी बदलायची, ठसका लागू नये म्हणून पाणी किती जाडसर करून द्यायचं ते सगळं कागदावर लिहून घेतलं, कारण नुसतं "मी आहे ना" म्हणून तिची काळजी थोडीच जाणार होती. मला वाटलं ती पिक्चरला जाईल, फिरेल. ती माहेरी गेली आणि झोपली. पाच तास. आल्यावर चेहराच वेगळा होता, आणि मी दिवसभर त्या घरात राहिल्यामुळे मला पहिल्यांदा कळलं की ती फोनवर "चाललंय" म्हणते तेव्हा काय चाललेलं असतं.

एका ठिकाणी मी चुकले, तेही सांगायला हवं. नणंदेच्या मोठ्या मुलाला मी शास्त्राच्या प्रयोगांचं जुन्या बाजारातलं चांगलं पुस्तक दिलं. त्याने थँक यू म्हणून बाजूला ठेवलं ते आजतागायत उघडलं नाही. त्या अख्ख्या सुट्टीत तो सोसायटीच्या पोरांकडे टेनिस बॉल मागत फिरत होता आणि ते मी ऐकलंही होतं, पण त्याने पुस्तक वाचावं असं मला वाटत होतं. म्हणजे ती वस्तू मी त्याच्यासाठी घेतलीच नव्हती. पुढच्या वर्षी सहा बॉल दिले, तेव्हा त्याने मिठी मारली.

एवढं सगळं होऊन त्या ३,५०० मधले चारशे-साडेचारशे उरले होते.

तर माझ्या बाई, आधी दुकानात जाऊ नकोस. कागद घे, एकेकाचं नाव लिही आणि गेल्या सहा महिन्यांत ते माणूस तुझ्यासमोर कशाबद्दल कुरकुरलं ते आठव. तुझी नणंद गणपतीत विळीबद्दल काहीतरी बोलत होती ना, मीच होते तिथे. आणि भांडीबाजारात जाणार असशील तर आत्ताच जा, दुपारी, शेवटच्या आठवड्यात नाव घालायला रांग लागते. मजकूर घरूनच स्वच्छ अक्षरात लिहून ने, ते काका कागद समोर ठेवून जसंच्या तसं कोरतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं तर तेही तसंच येईल.