निवृत्तीची ट्रायल

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांना जी तारीख सोयीची वाटली ती त्यांनी लिहिली. आई म्हणायची, तू पोळ्याचा. पण १९६८चा तो पोळा दाखल्यावर नाही, त्यामुळे मी येत्या ३१ मेला अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होतोय. मास्तरांनी माझी पावणेतीन महिन्यांची नोकरी खाल्ली, तीही मी बिगरीत असताना.

नाशिकमधल्या सातपूरच्या ज्या मोठ्या कंपनीत मी जानेवारी १९९६पासून आहे, तिथं माझं खातं प्लॅनिंग. कुठला पार्ट कधी लाइनवर लागणार, अंबडहून निघालेला कुणाचा टेम्पो पपया नर्सरीच्या चौकात अडकला असणार, हे मी झोपेतही सांगेन. त्यामुळे सगळे धरून चालतात, की याचं रिटायरमेंटचं प्लॅनिंग केव्हाच तयार असेल.

तयार नव्हतं. दिवाळीनंतर एकदाची एक्सेल उघडली. पहिली ओळ पीएफमधल्या पेन्शनची. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सोपं आहे. फक्त पगार कितीही असला तरी धरायचा १५०००. माझी तीस वर्षं, वीसच्या वर गेली म्हणून दोन बोनसची, झाली बत्तीस. उत्तर आलं ६८५७. महिन्याचे, बरं का. काहीतरी चुकलंय म्हणून तीनदा तपासलं आणि शेवटी पर्सनलमधल्या पोराला दाखवलं. चूक होतीच. "सर, ऑगस्ट २०१४पर्यंतची वर्षं ६५००नं धरायची." आकडा पाच हजारांच्या आत येऊन बसला. चौथ्यांदा तपासायची हिंमत झाली नाही.

ग्रॅच्युइटीनं जरा धीर दिला. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. सौ.ला हा सव्वीस दिवसांचा महिना फार आवडला. "हेच किराणावाल्याला सांगून बघा," म्हणाली.

मग नावाचा घोळ. पीएफला वडील 'दत्तात्रय', आधारला 'दत्तात्रेय' आणि पॅनकार्डावर 'दत्तू'. तिन्ही फॉर्म मीच भरलेले, त्यामुळे भांडायला कुणी नाही. संगणकाच्या हिशेबी मला तीन वडील आहेत आणि त्यांची आपसात ओळख नाही. जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नावदुरुस्तीचा फॉर्म, भरलं, ते परत आलं, कारण मी आधारची मागची बाजू जोडलीच नव्हती. प्लॅनिंगचा माणूस!

सल्ल्यांना तोटा नाही. जॉगिंग ट्रॅकवरचे अण्णा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे. पंचावन्ननंतर निवृत्त झालात तर पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं, कमाल ३० लाख, हे ते वॉर्म-अप करता करता सांगतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबा, सगळं पोस्टात नको. निफाडहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, घाबरतो कशाला? एप्रिलात आपण द्राक्षबागेची खरड छाटणी करतो, बाग पार बोडकी होती. पुढं ऑक्टोबरच्या छाटणीला घड धरतातच ना? तुझी खरड छाटणी मेअखेर, एवढंच समज."

"आणि माझी ऑक्टोबरची छाटणी कोण करणार?"

"वहिनी आहेत की!"

आमच्याकडं नवा पार्ट थेट लाइनवर लावत नाहीत, आधी ट्रायल लॉट काढतात. म्हणून मी चार दिवसांची रजा टाकून निवृत्तीची ट्रायल घ्यायचं ठरवलं. सौ.ला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "अहो, घरी राहणार म्हणजे नक्की किती वाजेपर्यंत?"

पहिल्या दिवशी नऊपर्यंत पेपर संपला, छोट्या जाहिरातींसकट. साडेनऊला भांड्यांच्या मावशी आल्या आणि मला बघून दारातच थबकल्या. "ताई, काकांना बरं नाही का?" मी ठणठणीत आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जास्तच काळजीचा झाला.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघर हातात घेतलं. तिथं कसलीच सिस्टिम नव्हती. जुना माल पुढं, नवा मागं, प्रत्येक डब्याला चिठ्ठी, असं सगळं दुपारपर्यंत लावून टाकलं. एक गोष्ट मला माहीत नव्हती : सौ. डब्यांकडं बघतच नाही. पंचवीस वर्षांत तिचा हात आपोआप जातो. तो संध्याकाळी तांदळाच्या पिठीकडं गेला आणि तिथं मी नेऊन ठेवली होती पिठीसाखर. धिरडं तव्यावर आधी पसरलं, मग उकळलं, मग काळं होऊन असं बसलं की तवा रात्रभर भिजत घालावा लागला. सौ. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सव्वासहालाच दूध आणायला बाहेर पडलो. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी नेहमीच्या जागी कसा जाऊन उभा राहिलो, सांगता येत नाही. कंपनीची बस आली. ड्रायव्हरनं सवयीनं ब्रेक दाबला, दार उघडलं, मी सवयीनं चढलो. पायात स्लिपर, हातात दुधाच्या दोन पिशव्या, आणि गळ्यात आयकार्ड. ते कधी अडकवलं, देव जाणे.

गेटवर कार्ड टेकवलं तर मशीनचा लाल दिवा. सिक्युरिटीवाल्यानं स्क्रीन बघितला.

"साहेब, तुम्ही रजेवर आहात."

"हो, पण आलोय ना."

"सिस्टिम घेत नाही."

तिथूनच घरी फोन लावला आणि जरा चाचरतच काय झालं ते सांगितलं.

"पोचलात ना?" सौ. म्हणाली. तीन दिवसांत तिचा आवाज इतका मोकळा ऐकला नव्हता. "मग आता संध्याकाळच्या बसनंच या. आणि दूध कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये ठेवा."