औंधच्या राजाचा फोटो कुणीच का टाकत नाही?

सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. महाराजांच्या मोटारी, हिऱ्यांचे हार, मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो, जुनागढच्या नवाबाच्या कुत्र्यांचं लग्न. आणि खाली शेरा, की असलेच होते आपले संस्थानिक, गेले ते बरं झालं. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ग्रुपातली निम्मी माणसं आटपाडीची, औंधची. त्यांचे आजे-पणजे औंध संस्थानची रयत. एकालाही वाटलं नाही की थांबा, आपला राजा असा होता का ते तरी विचारू. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

औंध म्हणजे साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. पंतप्रतिनिधींचं. 72 गावं, तीसुद्धा सलग नाहीत. औंध इकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ पार विजापूरकडे. तोफांच्या सलामीचा मान नाही, डोक्यावर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट. 1909 साली गादीवर आलेले बाळासाहेब, म्हणजे भवानराव, स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कार घालायचे आणि शाळाशाळांतून मुलांना घालायला लावायचे. बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली कुंडलजवळच्या माळावर जागा दिली ती त्यांनीच. किर्लोस्करवाडी तिथून सुरू झाली.

पण एवढं तर आणखी दोन-चार चांगल्या राजांनीही केलं असेल. खरी गोष्ट 1938 ची. मुलगा अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आलेला, त्याला भेटलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर. दोघांनी सत्तरीतल्या राजापुढे विषय काढला, की राज्य रयतेच्या हाती द्या. आणि राजा हो म्हणाला! सगळे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, राज्यघटनेचा आराखडा तिथे ठरला आणि जानेवारी 1939 मध्ये ती लागू झाली. गावातल्या प्रौढांनी पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून वरची सभा. शेजारच्या मुंबई प्रांतात 1937 च्या निवडणुकीत मत कुणाला, तर ज्याच्याकडे मालमत्ता, कर नाहीतर शिक्षण आहे त्याला. ते साहेबाचं राज्य.

आता आजीची गोष्ट. आजी आटपाडीची. लहान होती तेव्हा आईबरोबर आठवडी बाजारात गेली होती. एका माणसाकडून वांगी घेतली. घरी येताना शेजारीण कानाशी लागली, अगं तो स्वतंत्रपूरचा, खुनातला. पणजी म्हणाली, “आसंना. वांगी ताजी हायती न्हवं?” पुढच्या बाजारी पुन्हा त्याच्याकडूनच घेतली.

स्वतंत्रपूर म्हणजे आटपाडीजवळची बिनभिंतींची कैद्यांची वसाहत. फ्रीडमनची कल्पना, राजाचा पाठिंबा. कैद्यांनी बायकापोरांसह राहायचं, शेती करायची. 1939 साली! आज आपल्या सोसायटीत भाड्याने खोली देताना आपण काय काय विचारतो ते आठवा जरा. आणि माझी अडाणी पणजी खुनातल्या माणसाकडची वांगी पोरांना खायला घालत होती. हे धाडस तिच्यात आलं कुठून? मला विचाराल तर त्या राज्याच्या हवेतून आलं. राजा भरवसा टाकतो म्हटल्यावर रयतही टाकते. पटत नसेल तर नका पटवून घेऊ.

हो, माहीत आहे. हा प्रयोग जेमतेम नऊ वर्षं टिकला आणि 8 मार्च 1948 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी तीस वर्षं तेही एकट्याच्या मर्जीनेच राज्य करत होते, हेही कबूल. पण म्हणून काय त्यांना कुत्र्यांची लग्नं लावणाऱ्यांच्या रांगेत बसवायचं? राग येतो तो याचाच. इंग्रजांना असेच राजे हवे होते, पोलोत आणि शिकारीत रमलेले, म्हणजे मग सांगता येतं की या लोकांना राज्य करता येत नाही. तेच फोटो आज आपण हौसेने एकमेकांना पाठवतोय. लाज वाटायला हवी.

बरं, तो फॉरवर्ड पाठवणारा माझा मावसभाऊच आहे. त्याच्यावर किती चिडणार! त्याला हे कुणी सांगितलंच नाही. मलाही आजीने सांगितलं नसतं तर मीही हसून पुढे गेले असते. आजी त्या वांगीवाल्याबद्दल नेहमी आणखी एक सांगायची. त्याला मुलगी झाली तेव्हा पणजीने घरातल्या जुन्या लुगड्याची कुंची शिवून बाजारात त्याच्या हातात दिली. नाव-गाव काही विचारलं नाही. त्याने त्या दिवशी वांग्यांचे पैसे घेतले नाहीत आणि पणजीने ते जबरदस्तीने पाटीत टाकले.

स्वतंत्रपूर आजही आहे. औंधला राजाने उभारलेलं संग्रहालयही आहे, तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. सुट्टीत पोरांना घेऊन जा.

आणि औंध, आटपाडी, कुंडलकडच्या मंडळींना एक विनंती. घरी जुन्या पेट्यांत त्या काळच्या पंचायतीचे कागद, पावत्या, निवाडे पडलेले असतील तर रद्दीत घालू नका. आधी फोटो काढून मला पाठवा. आमच्या घरातले पत्रा बदलताना गेले.