‘दुल्स’ हे भरतीचे विशेषण नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘रोलाँच्या गीता’वरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. या जुन्या फ्रेंच वीरकाव्यात वारंवार येणाऱ्या ‘दुल्स फ्राँस’मधले, म्हणजे ‘गोड फ्रान्स’मधले, विशेषण हे पोवाड्यातल्या ‘जी जी’सारखे जागा भरणारे पालुपद आहे, आणि त्यात मायभूमीची ओढ शोधणे हा ‘भाबड्या वाचकाचा कल्पनाविलास’ आहे, असे आपले म्हणणे. मतभेदाचे मला वावडे नाही. पण ज्याच्याशी ओळखदेख नाही त्याला आधी भाबडा ठरवायचे आणि मग मुद्द्याला हात घालायचा, ही वादाची कोणती रीत? माझे वडील संस्कृत शिकवत. विशेषण दिसले की ते कोणाच्या तोंडी आहे हे आधी पाहावे, असा त्यांचा दंडक होता. पुढे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी फ्रेंच शिकलो आणि जुन्या फ्रेंचचा कोश शेजारी ठेवून हे काव्य मुळातून वाचले. हे सांगण्याची वेळ आपण आणलीत, याचे वाईट वाटते.

एक गोष्ट मान्य करतो. या काव्यातली ओळ दहा अक्षरांची आणि यती, म्हणजे ओळीतला विराम, चौथ्या अक्षरानंतर. ‘एन दुल्स फ्राँस’ हे शब्द त्या चार अक्षरांत नेमके बसतात, कारण यतीपाशी शेवटचा हलका स्वर मोजत नाहीत. गाणाऱ्याला ते सोयीचे होते, यात शंका नाही. पण सोयीचे म्हणून अर्थहीन, हे कुठून आले? सोळावी ओळ पाहा. स्पेनमधल्या सारागोसाचा राजा मार्सिल, फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याचा शत्रू, आपल्या सरदारांना सांगतो की ‘फ्राँस दुल्स’चा सम्राट आपला नाश करायला या मुलखात आला आहे. इथे विशेषण नामाच्या मागे गेले आहे, ते ओळीअखेर स्वर जुळावा म्हणून. आपल्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा आपण दिलाच नाहीत, म्हणून मी देतो. मात्र तिथेच थांबता येत नाही. 1054 व्या ओळीत, पिरेनीज पर्वतातल्या रोंसव्होच्या खिंडीत, मित्र ऑलिव्हिए मदतीसाठी शिंग फुंकण्याची विनवणी करतो तेव्हा काव्याचा नायक, शार्लमेनचा भाचा रोलाँ म्हणतो की तसे केले तर दुल्स फ्राँसमध्ये माझी कीर्ती बुडेल. म्हणजे जिथल्या माणसांत आपली अब्रू राहावी असे वाटते, तो हा मुलूख. आणि मरताना, 2379 व्या ओळीच्या आसपास, त्याला आधी जिंकलेले अनेक प्रदेश आठवतात, मग दुल्स फ्राँस, मग कुळातली माणसे, मग ज्याने लहानाचे मोठे केले तो शार्लमेन. जिंकलेल्या प्रदेशांचा नुसता भरपूरपणा सांगितला आहे; गोड म्हटले आहे ते या एकाच भूमीला. ही निवड मात्रांनी केलेली नाही.

पालुपदच हवे असेल, तर ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या हस्तलिखितात कितीतरी कडव्यांच्या शेवटी ‘आओई’ ही तीन अक्षरे येतात, ज्यांचा अर्थ अजून निर्विवादपणे लागलेला नाही. ‘जी जी’ची उपमा तिथे शोभली असती.

1870 मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना या काव्याचा राष्ट्राभिमानासाठी वापर झाला, हा आपला उरलेला आक्षेप. तो एकोणिसाव्या शतकाचा इतिहास आहे. बाराव्या शतकातल्या हस्तलिखिताला त्याचा जाब विचारता येत नाही.

सोळाव्या आणि 2379 व्या ओळीविषयी काही म्हणायचे असेल तर अवश्य लिहावे. माझ्या भाबडेपणाविषयी असेल, तर त्याला उत्तर मिळणार नाही.