‘सेट’चे ४३० अर्थ: फिरत्या मेसेजचा एकेक दावा तपासून

व्हॉट्सॲपवर एक मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो. इंग्रजीतल्या ‘सेट’ या इवल्याशा शब्दाचे ४३० अर्थ आहेत आणि तो जागतिक विक्रम आहे. एका शब्दात इतकं मावणारी दुसरी भाषा नाही, मराठीत तर प्रत्येक कामाला वेगळा शब्द शोधावा लागतो. शेवटी सल्ला असतो: इंग्रजी सुधारायचं असेल तर ‘सेट’च्या जागी ‘पुट’, ‘प्लेस’, ‘फिक्स’ हे समानार्थी शब्द आलटूनपालटून वापरा. शिकणारी मुलं हे खरं धरून चालतात आणि परीक्षेत मार्क गमावतात, म्हणून एकेक दावा नीट बघू.

पहिला दावा: ‘सेट’चा विक्रम.

आकडा खोटा नाही, जुना आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती: सुमारे ६०,००० शब्द आणि ४३० अर्थ. गिनेसच्या पुस्तकातून हाच आकडा सगळीकडे पसरला. पुढे ऑक्सफर्डने तिसऱ्या आवृत्तीचं काम हाती घेतलं. सुधारलेल्या नोंदी २०००पासून प्रसिद्ध होऊ लागल्या, त्याही ‘ए’पासून नव्हे तर ‘एम’पासून. त्यामुळे आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’, आणि २०११मध्ये ‘रन’ने दोघांनाही मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर या कोशकाराचे त्या एका शब्दावर नऊ महिने गेले. मेसेज मात्र १९८९मध्येच थांबला आहे.

दुसरा दावा: ४३० ‘अर्थ’.

खरा घोळ इथे आहे. ऑक्सफर्डचा हा कोश ऐतिहासिक आहे. शब्द इंग्रजीत आला तेव्हापासूनचा प्रत्येक वापर त्यात नोंदलेला असतो, मग तो कधीचा का मेलेला असेना. अशा वापरापुढे कट्यारीसारखं एक चिन्ह असतं, पण क्रमांक त्यालाही मिळतो. शिवाय ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’, ‘सेट आउट’ अशा जोडांचे अर्थही याच नोंदीत येतात. हाड जागेवर आणणं, अंगठीत खडा बसवणं, कवितेला चाल देणं यांना हा कोश वेगवेगळे क्रमांक देतो. शिकणाऱ्यांसाठीचा छोटा कोश तेच क्रियापद मोजक्या क्रमांकांत आटोपतो, कारण तिथे जवळचे वापर एकाखाली घेतात आणि मेलेले गाळतात. दोन्ही कोश बरोबरच आहेत. अर्थांची संख्या कोशकार किती बारीक चिरतो यावर ठरते, त्यामुळे ती सांगताना कोशाचं नाव आणि आवृत्ती सांगितली नाही तर तिला काही अर्थ उरत नाही.

मेसेजमध्ये उदाहरणं म्हणून ‘भांड्यांचा सेट’, ‘टेनिसचा सेट’ हेही घातलेलं असतं. ही नामं आहेत आणि ४३०चा आकडा क्रियापदाचा आहे. त्यातही भांड्यांच्या, म्हणजे संच या अर्थाच्या ‘सेट’चं मूळ वेगळं आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’ आहे. क्रियापद मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतलं. स्पेलिंग एकच असल्यामुळे दोघं पुढे एकमेकांत मिसळले. (आपल्याकडच्या प्राध्यापकपदासाठीच्या ‘सेट’ परीक्षेचा तर दोघांशीही संबंध नाही, ती तीन आद्याक्षरं आहेत.)

तिसरा दावा: मराठीत असं नाही.

हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण ‘सेट’ची घडणच मराठी माणसाला सर्वांत लवकर कळण्यासारखी आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आता आपण काय काय बसवतो ते बघा. गणपती बसवतो, घट बसवतो. सोनार खडा बसवतो, हाडवैद्य हाड बसवतो. नाटक बसवतो, चाल बसवतो, सरकार कर बसवतं, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो. खडा आणि हाड या दोन ठिकाणी तर इंग्रजीही नेमकं ‘सेट’च म्हणते. दोन्ही भाषांनी एकाच कल्पनेपासून सुरुवात केली आणि पुढे आपापल्या वाटेने गेल्या.

आणि संख्याच हवी असेल तर ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, फोन लागतो, नंबर लागतो, डोळा लागतो, दूध तळाला लागतं, झाडाला आंबे लागतात, वाटेत गाव लागतं, लग्नाला पैसे लागतात, पोरगा नोकरीला लागतो, पावसाची झड लागते, आणि कुणीतरी आपला मामा लागतो. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणे’ काढून बघा, नोंद संपता संपत नाही. घरात रोज वापरात असलेल्या क्रियापदांचं सगळ्याच भाषांत असं होतं: पडणे, काढणे, घालणे, धरणे. जितका वापर जास्त, तितके अर्थ फुटतात.

चौथा दावा, आणि सर्वांत नुकसान करणारा: समानार्थी शब्द कुठेही घाला.

रॉजेट या इंग्रज डॉक्टराने १८५२मध्ये आपला थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, काढला तो कल्पनांच्या गटांनुसार. ओळखीचा पण ऐन वेळी न आठवणारा शब्द सापडावा, यासाठी. त्यातल्या एका गटातले शब्द शेजारी असतात, एकमेकांचे बदली कामगार नसतात.

‘सेट द टेबल’ घ्या. याचा अर्थ जेवणाची ताटं-वाट्या मांडणे. ‘फिक्स द टेबल’ म्हटलं की टेबल दुरुस्त करणे. ‘पुट द टेबल’ हे वाक्यच अर्धवट, कारण ‘पुट’ला ‘कुठे’ हे सांगावंच लागतं. ‘प्लेस’ने टेबल फार तर खिडकीपाशी जाईल, ताटं मांडली जाणार नाहीत. सहाचा अलार्मही ‘सेट’च करायचा, ‘फिक्स’ केला तर तो बिघडला होता असं ऐकणारा समजेल. लग्नाची तारीख मात्र ‘सेट’ आणि ‘फिक्स’ दोन्हींनी ठरते. म्हणजे अदलाबदल चालते की नाही, हे शेजारचं नाम ठरवतं.

म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, नामासकट करा आणि समोर मराठी जोडी लिहा. ‘सेट ॲन अलार्म’: अलार्म लावणे. ‘सेट अ ट्रॅप’: सापळा लावणे. ‘सेट अ पेपर’: पेपर काढणे. ‘द सन सेट्स’: सूर्य मावळतो. चार ओळींत लावणे, काढणे आणि मावळणे अशी तीन क्रियापदं आली, आणि गोंधळ एकही नाही. कोश उघडल्यावरही आधी नाम की क्रियापद ते बघा, मग पुढे कर्म आहे का ते बघा, आणि मग उदाहरणाचं वाक्य वाचा. अर्थाचा क्रमांक सगळ्यात शेवटी.

उलट्या दिशेने होणारी चूक तर घरोघरी ऐकू येते. आपलं ‘ठेवणे’ एकच, त्याला इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘कीप’ असे दोन शब्द. ‘पिशवी टेबलावर ठेव’ याचं आपण पटकन ‘कीप द बॅग ऑन द टेबल’ करतो. इंग्रज माणूस ते ऐकून पिशवी तिथेच राहू द्यायची असं समजतो. हातातली पिशवी खाली ठेवायची असेल तर ‘पुट’. ती तिथून हलवायची नसेल, किंवा तिची रोजची जागाच ती असेल, तर ‘कीप’.