पाण्याला लावू नका

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढील हकीकत ऐकणारा प्रत्येक जण अखेरीस तोच प्रश्न विचारतो आणि तोवर माझी उत्तर देण्याची उमेद संपलेली असते. मोर्शी तालुक्यातील ज्या गावात मी ३२ वर्षे गणित शिकवले, तेथे पोहायला शिकण्याची सोय म्हणजे विहीर. माझ्या लहानपणी विहिरीत उडी मारण्याइतके पाणी होते तेव्हा माझ्यात धैर्य नव्हते, आणि आता धैर्य आले आहे तर विहिरीत पाणी नाही. अशा माणसाने समुद्रात ३०० मीटर खोलवर चालेल असे, कंपनीने बनवणे बंद केलेले आणि आधी कोणीतरी वापरलेले स्विस घड्याळ सव्वादोन लाख रुपये मोजून घ्यावे, यात कोणी शहाणपणा शोधू नये. मीही शोधत नाही.

या व्यसनाचे मूळ माझ्या वडिलांच्या एचएमटी जनता घड्याळात आहे. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या घड्याळाला वडील रोज सकाळी चहाआधी चावी देत, आणि ते दिवसाला चार मिनिटे मागे पडते हे ठाऊक असल्यामुळे चार मिनिटे आधीच घरातून निघत. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मला एकाएकी बंद पडलेल्या वस्तूंविषयी आपुलकी वाटू लागली. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला तशी ती वाटतेच. पाहता पाहता सौभाग्यवतींच्या सुपारीच्या डब्यात २६ घड्याळे झाली. त्यांत एचएमटीचे पायलट होते, कांचन होते, आणि तबकडी नव्याने रंगवून नवे म्हणून माझ्या गळ्यात मारलेली दोन-तीन सोंगेही होती. पाणबुड्याचे घड्याळ मात्र नव्हते. संग्रहात एखादी गोष्ट नसली की ती रात्री झोपू देत नाही, हे ज्यांना संग्रहाचा रोग जडला आहे त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून उपयोग नाही.

माझे मन बसले ते ओमेगा या स्विस कंपनीच्या सीमास्टर घड्याळावर, नमुना क्रमांक २५३१.८०. हे घराणे १९९३ मध्ये बाजारात आले. निळी तबकडी, तिच्यावर कोरल्यासारख्या लाटा, आरपार दिसणारे तलवारीसारखे काटे आणि पाठीवर अर्धा घोडा, अर्धा मासा असा एक समुद्री प्राणी. १९९५ पासून याच घराण्यातले घड्याळ जेम्स बाँडच्या मनगटावर दिसू लागले. पुढे कंपनीने निराळ्या यंत्राचे नवे नमुने काढले आणि हा बंद झाला. दुकानात मिळत नाही म्हटल्यावर माझ्या दृष्टीने त्याची योग्यता सिद्ध झाली.

अशा घड्याळाला विक्रेते 'प्री-ओन्ड' म्हणतात. आमच्याकडे त्याला 'सेकंडहँड' म्हणतात. सौभाग्यवती त्याला 'कोणाचं तरी उतरवलेलं' म्हणाल्या, आणि ८६ वर्षांच्या आईने थेट विचारले, "मेलेल्या माणसाचं तं नाही ना रे बावा?" मूळ मालक हयात आहे याची खात्री करून घेणे ही खरेदीतील पहिली पायरी ठरली. घड्याळे जमवणाऱ्या कोणत्याही जाणकाराने ती मला सांगितली नव्हती.

पुढचे दोन महिने मी घराच्या गच्चीवर घालवले, कारण छायाचित्रे उतरण्याइतके नेटवर्क तेथेच मिळते आणि तेही पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिल्यास. पट्टा अडकवायच्या कानाच्या मागल्या बाजूला कोरलेला क्रमांक वाचता येतो का, पॉलिश करकरून घड्याळाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत तर झाल्या नाहीत ना, तबकडीभोवतीच्या निळ्या कड्याचा रंग उन्हाने उडाला आहे का, हे सारे मी बोटांनी चित्र मोठे करून पाहत असे. गल्लीतून जाणारी माणसे वर पाहून म्हणत, "गुरुजी रिटायर झाल्यापासून लयच मोबाइल पाहून राह्यले." त्यांना नेमका कसला संशय होता, ते मी विचारले नाही.

पहिला सौदा अंधारामुळे मोडला. एका परगावच्या विक्रेत्याने घड्याळ १९९६ चे आहे असे शपथेवर सांगितले, आणि तबकडीच्या तळाशी 'टी स्विस मेड टी' अशी अक्षरेही होती. ही 'टी' म्हणजे ट्रिटियम. त्या काळी काटे आणि ठिपके अंधारात दिसावेत म्हणून हे किरणोत्सारी द्रव्य वापरीत, आणि नंतर त्याची जागा उजेड पिऊन चकाकणाऱ्या निरुपद्रवी रंगाने घेतली. विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने एक चित्रफीत पाठवली, तिच्यात घड्याळ दिवाळीतल्या भुईचक्रासारखे झळकत होते. आता ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असते, आणि गणिताच्या मास्तराला अर्धायुष्य सांगणे म्हणजे चोराने पोलीस पाटलाला वाट विचारण्यासारखे आहे. जवळजवळ तीस वर्षांत ते द्रव्य पाचव्या हिश्शाहूनही कमी उरते. जे म्हातारे व्हायला हवे होते ते लग्नाला उभे असल्यासारखे चमकत होते, याचा अर्थ कोणीतरी त्याला नवा रंग फासला होता. मी हे गणित विक्रेत्याला सविस्तर लिहून पाठवले. त्याने मला ब्लॉक केले.

दुसरे घड्याळ नागपूरच्या एका गृहस्थांकडे निघाले. ते पुढील काळातले, म्हणजे मुळातच त्या निरुपद्रवी रंगाचे होते. डबा हरवला होता, पण हमीपत्राचे कार्ड होते आणि मालक ठणठणीत जिवंत होते. आमचे ठरले असे की सीताबर्डीवरील एका वृद्ध घडीसाजाकडे भेटायचे, त्यांनी पाठ उघडून यंत्र पाहायचे, ते पसंत पडले तर घड्याळ त्यांच्याच तिजोरीत ठेवायचे आणि मी पैसे पाठवल्यावर ते मला द्यायचे. म्हणजे मालकाला माझा आणि मला मालकाचा जेवढा अविश्वास वाटत होता तो सगळा त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने सांभाळायचा.

घडीसाजांनी डोळ्याला भिंग लावले, पाठ फिरवून उघडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी लग्नाच्या मुलीचा बाप असल्यासारखा बाकड्याच्या टोकावर बसलो होतो. अखेर ते म्हणाले, "मशीन एकदम ओरिजिनल आहे, सर." माझा जीव भांड्यात पडला. मग चिमट्याने त्यांनी पाठीच्या आतली, पाणी अडवणारी रबरी कडी बाहेर काढली. ती वाळवणातल्या कुरडईसारखी कडक झाली होती आणि त्यांच्या चिमट्यातच तिचा तुकडा पडला. "फक्त एक करा," ते म्हणाले, "याला पाण्याला लावू नका."

"अहो, यावर तीनशे मीटर लिहिले आहे," मी म्हणालो.

"तीनशे मीटर सोडा. आंघोळीलाही काढून ठेवत जा."

त्यांचे म्हणणे खरे होते, हे मलाही ठाऊक होते. ही खोली नव्या घड्याळाची असते. रबर म्हातारे झाले की घड्याळाची प्रतिज्ञाही म्हातारी होते, आणि साऱ्या कड्या बदलून दाबाच्या यंत्रात तपासल्याखेरीज त्याला बादलीतही बुडवू नये. ती तपासणी करायची तर घड्याळ मुंबईला पाठवावे लागेल आणि ते परत यायला काही महिने लागतील, असे कळले. दोन महिने ज्याच्यासाठी टाकीला टेकून उभा राहिलो ते हाती येताच पुन्हा पाठवून देण्याइतका मी विरक्त नाही.

पैसे पाठवणे हा वेगळा अध्याय आहे. रक्कम दोन लाखांवर असल्याने बँकेत आरटीजीएसचा अर्ज भरला, पॅन कार्डाची प्रत जोडली आणि 'प्रयोजन' या रकान्यात सत्यप्रियतेला स्मरून 'घड्याळ' असे लिहिले. खिडकीतल्या तरुणाने तो शब्द दोनदा वाचला आणि पीककर्जाच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "सर, सव्वादोन लाखाचं घड्याळ?" रांग क्षणभर शांत झाली. मग मागून कोणीतरी म्हणाले, "तीस क्विंटल कापूस झाला ना बाप्पा!" मला शरम वाटली, पण सवय सुटत नाही, मी २०२४-२५ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे ७,५२१ रुपयांनी, मनातल्या मनात भागाकार केला आणि उत्तर २९.९२ आले. तो माणूस केवळ आठ किलोने चुकला होता. बहुधा माझाच विद्यार्थी असावा. मी मागे वळून पाहिले नाही.

त्यामुळे घड्याळ गावात येण्याआधी त्याची किंमत येऊन पोचली. पानठेल्यावर मला त्याचे गुण सांगावे लागले. हे समुद्रात ३०० मीटर जाते, असे म्हटल्यावर एकाने हिशेब केला की जवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाच्या साडेसहा भिंती एकावर एक रचल्या तरच एवढे पाणी व्हायचे. दुसरा म्हणाला की ३०० मीटर म्हणजे ९८४ फूट, तेव्हा गुरुजींनी ते दोरी बांधून आपल्या संत्र्याच्या बोअरमध्ये सोडावे, तेवढेच पाणी कुठे आहे ते तरी कळेल. माझा बोअर ८५० फुटांवर नुसती धूळ ओकून थांबला आहे, हे त्याला माहीत होते. हे घड्याळ स्वित्झर्लंडच्या अचूकतेच्या परीक्षेत उत्तीर्ण आहे, असे मी चिडून सांगितले. ती परीक्षा पंधरा दिवसांची असते आणि ८, २३ व ३८ अंश तापमानात घेतली जाते. त्यावर पानठेलेवाल्याने सुपारी कातरता कातरता विचारले, "अन् मे महिन्यात?" आमच्याकडे ३८ हा मार्चचा आकडा आहे.

घरी मात्र स्पष्टीकरणाला सर्वांत कठीण ठरली ती दहाच्या आकड्याजवळची दुसरी खुंटी. पाणबुडे खोल समुद्रात काम करताना कित्येक दिवस हेलियममिश्रित हवेच्या बंद खोलीत राहतात, त्या वायूचे अतिसूक्ष्म कण घड्याळात शिरतात, आणि दाब कमी करताना ते फुगून काच उडवू शकतात. तेव्हा ही खुंटी सैल करून वायूला वाट द्यायची. हे मी वर्गात शिकवावे तसे, फरशीवर खडूने आकृती काढून, सांगितले. सौभाग्यवतींनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे कुकरचा वॉल." मला पाऊण तास लागला होता. त्यानंतर जो कोणी घड्याळ पाहायला आला त्याने वेळ लावण्याची चावी समजून नेमका तोच वॉल फिरवला, आणि प्रत्येक वेळी सौभाग्यवती आतून ओरडल्या, "त्याले हात नोका लावू, शिटी होईल!"

आईने मात्र आपला विधी सोडला नाही. उतरवलेली वस्तू घरात घ्यायची तर ती शुद्ध केलीच पाहिजे, या निश्चयाने तिने देवघरातली गंगाजलाची लोटी काढली, पळी भरली आणि घड्याळ पाटावर ठेवायला सांगितले. लाटांची तबकडी, पाठीवर जलचर आणि ३०० मीटरची ग्वाही असलेले ते घड्याळ एक पळी पाण्यापासून वाचवण्यासाठी मी आडवा पडलो. आईला काही कळेना. "समुद्रातलं हाये म्हणतं ना तू?" ती म्हणाली. शेवटी गंगाजल माझ्या मनगटावर शिंपडायचे आणि ते वाळल्यावर घड्याळ बांधायचे, अशी तडजोड झाली.

आता त्याला काम मिळाले आहे. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी पहाटे येतो आणि पाऊण तास असतो. पाणी सुरू झाले की मी फिरत्या कड्याचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो आणि मग गेलेली मिनिटे सरळ कड्यावर वाचता येतात. पाणबुडे आपली हवा अशीच मोजतात. हे कडे मुद्दाम एकाच बाजूला फिरते, म्हणजे चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच दिसत नाही, आणि माणूस मुदतीआधी वर येतो. गेल्या आठवड्यात अंधारात ते पाण्याच्या गुंडाच्या काठाला घासले आणि सात मिनिटे पुढे सरकले. मी "अडतीस!" असे पुकारताच गल्लीत एकच धावपळ उडाली, ड्रम, घागरी, कढया, दुधाची किटलीसुद्धा भरून झाली, आणि मग सगळ्यांच्या भरल्या भांड्यांसमोर नळ आणखी सात मिनिटे तसाच वाहत राहिला. अशी वेळ आमच्या गल्लीवर पूर्वी कधी आली नव्हती. शेजारच्या काकूंनी नाइलाजाने अंगण धुतले.

तेव्हापासून चौथ्या पहाटे दारोदारच्या बायका "किती झाले?" असे मलाच विचारतात. सौभाग्यवतींनीही परवा घड्याळाकडे प्रथमच बऱ्या नजरेने पाहिले. "चांगलं हाये," त्या म्हणाल्या, "पण तुमी इकडे नोका येऊ, पाणी उडंल." म्हणून मी नळापासून तीन हात लांब, ओट्याच्या कोरड्या टोकावर, डावा हात उंच धरून उभा असतो आणि आकडे सांगतो.