भांगेच्या तेलाचे चार थेंब आणि चार खोटे दिलासे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं सार असं: भांगेचं तेल रोज चार थेंब जिभेखाली घ्या, फिट्स, कॅन्सर, काचबिंदू सगळं बरं होतं, अमेरिकेने मान्यता दिली आहे, आयुर्वेदात तर ते आहेच, आणि वनस्पतीच ती, अपाय कसला? यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीची खपतात. सुरुवात तिथूनच करू.

«फिट्सवर अमेरिकेने मान्यता दिली आहे.»

दिली, पण कशाला? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये एपिडायोलेक्स हे औषध मंजूर केलं. त्यात वनस्पतीतून वेगळं काढून शुद्ध केलेलं सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक, असतं, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. मंजुरी होती ती लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्रॅव्हे या लहान वयात सुरू होणाऱ्या, औषधांना सहसा दाद न देणाऱ्या फिट्सच्या दोन आजारांसाठी. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरॉसिस या जनुकीय आजारातल्या झटक्यांची भर पडली. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, सोसलं तर आठवड्याने ५ मिग्रॅ दोनदा. म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसाला २०० मिग्रॅ, औषधाचे २ मिली.

आता घरातल्या बाटलीचं लेबल वाचा. ‘हेम्प सीड ऑइल’ लिहिलं असेल तर ते भांगेच्या बियांचं तेल आहे. बिया आणि त्यांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून विकायला एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये परवानगी दिली, तेव्हाच सीबीडी किलोला ७५ मिग्रॅच्या वर नको अशी मर्यादाही घातली. त्या मर्यादेला टेकलेल्या तेलातून २०० मिग्रॅ मिळवायचे तर मुलाला रोज अडीच किलोहून जास्त तेल पाजावं लागेल. चार थेंबांतून मिळतो तो मिलिग्रॅमचा साठावा भागसुद्धा नाही.

‘विजया अर्क’ लिहिलं असेल तर मामला वेगळा. विजया म्हणजे भांगच. हा अर्क पानांपासून काढतात, आयुष परवान्यावर तो वैद्याच्या चिठ्ठीने मिळतो, आणि त्यात नशा आणणारं टीएचसी असू शकतं. छापलेले मिलिग्रॅम बरेचदा संपूर्ण अर्काचे असतात, सीबीडीचे नव्हेत. त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. त्यात टीएचसी आणि सीबीडी वेगवेगळे दिलेले नसतील तर मुलाच्या पोटात नेमकं काय जातंय ते कुणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यांत मोठा घात मात्र दुसरीकडेच होतो. तेल सुरू केलं म्हणून चालू गोळी बंद केली जाते. फिट्सची गोळी एकाएकी थांबवली तर न थांबणारे झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. गोळी चालू ठेवून खरं सीबीडी दिलं तरी देखरेख लागतेच. व्हॅल्प्रोएट या फिट्सच्या औषधासोबत यकृताची एन्झाइम्स वाढतात, म्हणून सुरुवातीआधी आणि नंतर १, ३, ६ महिन्यांनी रक्त तपासतात. क्लोबाझाम या फिट्सच्या दुसऱ्या औषधासोबत क्लोबाझामचाच सक्रिय घटक रक्तात साठतो आणि मूल दिवसभर पेंगतं.

«कॅन्सर बरा होतो.»

काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर परिणाम दिसले आहेत. माणसाचा कॅन्सर यामुळे बरा होतो असा पुरावा नाही. केमोने होणाऱ्या उलट्यांवर मात्र कृत्रिम टीएचसीचं ड्रोनाबिनॉल आणि त्याच जातीचं नॅबिलोन ही औषधं अमेरिकेत १९८५ मध्ये मंजूर झाली. ती उलटी थांबवतात, गाठ नाही. वेदनेने तळमळणाऱ्या माणसासाठी घरचे हे तेल शोधतात, त्यांची घालमेल अगदी खरी आहे. त्यांनी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये विचारावं. १९९७ पासून तिथे कॅन्सर रुग्णांची विनामूल्य काळजी घेतली जाते. नियमित मात्रेत दिलेलं मॉर्फीन वेदनेवर जे करतं, ते या थेंबांनी होत नाही.

«काचबिंदू जातो.»

टीएचसीने डोळ्यातला दाब कमी होतो, पण तीन-चार तासच. दिवसभर दाब आटोक्यात ठेवायला सहा-आठ वेळा नशा करावी लागेल. डोळ्यात घालायचे थेंब हे काम दिवसातून एकदा-दोनदा करतात.

«आयुर्वेदात आहेच.»

आहे, पण शोधन, म्हणजे शुद्धी, करून. भांग पोटलीत बांधून गाईच्या दुधात उकळणं, धुणं, वाळवणं, तुपावर भाजणं, असे विधी सांगितले आहेत. मग ती जातिफलादि चूर्णासारख्या औषधी मिश्रणात ठरावीक प्रमाणात पडते. बिया सोडून बाकी भांग औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. पोटात घ्यायच्या अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांनी ही काळजीही सांगायला हवी.

«वनस्पतीच ती, अपाय कसला?»

गिळलेल्या टीएचसीचा परिणाम दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात. ‘काहीच झालं नाही’ म्हणून लोक दुसरा डोस घेतात, मग दोन्ही एकदम चढतात: छातीत धडधड, भ्रम, भीती, उभं राहताच चक्कर. वयस्कर माणूस त्यात पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना सीबीडीने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढून रक्तस्रावाचा धोका असतो. किडनी बदललेल्यांना शरीराने ती नाकारू नये म्हणून दिलेलं टॅक्रोलिमस हे औषध रक्तात वाढतं. गरोदरपणात, स्तनपान चालू असताना किंवा घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर टीएचसी नकोच. फुलोरा, म्हणजे गांजा, घरी आणून तेल काढणं तर अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ खाली गुन्हाच आहे. एक किलोपर्यंतच्या ‘अल्प’ प्रमाणालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तेल घेतल्यावर कुणी उठवूनही नीट जागं होत नसेल, विशेषतः मूल, तर उलटी करवू नका. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या आणि किती थेंब, किती वाजता दिले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.